चाळिशी, त्राटक आणि द्रष्टा

चष्मा न लावता आणि शस्त्रक्रिया न करता, निसर्गाच्या आणि साधनेच्या बळावर मंदावलेली दृष्टी पुन्हा तीक्ष्ण होते का, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. भारतीय परंपरेत मात्र तो धर्मविचाराशी कायम जोडलेला राहिला आहे. त्राटक, सूर्याला अर्घ्य, डोळ्यांच्या आरोग्यासाठीचा चाक्षुषी विद्येचा पाठ, देवीला बोललेले चांदीचे डोळे या सर्वांमागे एकच धारणा आहे: आचरण शुद्ध असेल आणि भक्ती खरी असेल, तर देहही निर्दोष होतो. या धारणेला दुसरी, बोचरी बाजूही आहे. साधना करूनही नंबर उतरला नाही, तर साधनेत किंवा श्रद्धेत खोट होती असा अर्थ निघतो आणि चष्मा लावणे ही एक प्रकारची हार ठरते. म्हणून येथे दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावा लागतो. डोळा म्हणून जो अवयव आहे, तो या उपायांनी सुधारतो का? आणि धर्म व तत्त्वज्ञान ज्या दृष्टीविषयी बोलतात, तिचा या डोळ्याशी संबंध काय?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे पूर्णेच्या खोऱ्यातले शेतकऱ्यांचे गाव. याच तालुक्यात राजूरचा गणपती आहे आणि अंगारकीला तेथे पंचक्रोशीतून लोक पायी जातात. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात आहे आणि जालना शहरात श्री गणपती नेत्रालय हे डोळ्यांचे मोठे रुग्णालयही आहे. नवस, संतवचन आणि नेत्रवैद्यक हे तिन्ही येथे एका दिवसाच्या वाटेवर भेटतात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेली माणसे पाहिली, तर हा प्रश्न किती घरचा आहे ते कळते. पंचेचाळिशीचा वाचक आधी पोथी मांडीवरून उचलून छातीपर्यंत आणतो, मग हातभर लांब धरतो, मग उजेडाकडे वळवतो. हात आणखी लांब होत नाहीत, तेव्हा तो शेजाऱ्याची चाळिशी मागून घेतो. पारायण संपल्यावर कोणीतरी आस्थेने सांगते की रोज दिव्याच्या ज्योतीकडे एकटक पाहा, वर्षभरात चष्मा सुटेल. हा सल्ला खरा की खोटा, हे ठरवण्याआधी पोथी लांब का धरावी लागली ते पाहिले पाहिजे.

डोळ्याचा देहधर्म

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. समोरचे पारदर्शक पारपटल आणि आतील भिंग मिळून प्रकाशकिरण वाकवतात आणि मागच्या दृष्टिपटलावर प्रतिमा पाडतात. किरण वाकवण्याची ही शक्ती एकूण सुमारे ६० डायॉप्टर असते आणि तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पारपटलाचा असतो. डोळ्याची लांबी आणि ही शक्ती यांचा मेळ बसला, तर प्रतिमा नेमकी पडते. डोळा एक मिलिमीटर जरी जास्त लांब वाढला, तरी सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो आणि दूरचे अंधुक दिसते. डोळा आखूड राहिला तर अधिक नंबर येतो. पारपटलाचा बाक सर्व दिशांना सारखा नसेल, तर रेषा पसरट दिसतात. हे तिन्ही दोष मापाचे आहेत.

चाळिशीचे कारण निराळे. आतील भिंग लहानपणी लवचिक असते. जवळचे पाहताना ते फुगते आणि दूरचे पाहताना चपटे होते. वयाबरोबर ते कडक होत जाते आणि चाळिशीच्या आसपास इतके कडक होते की पोथीच्या अंतरावरचे अक्षर नीट दिसेनासे होते. साधू असो की संसारी, हे सर्वांच्या डोळ्यांत घडते. पुढे हेच भिंग गढूळ झाले की त्याला मोतीबिंदू म्हणतात. काचबिंदूत डोळ्यातील नसेची हानी होते. ती बहुधा डोळ्यातील वाढलेल्या दाबामुळे होते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहात दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात.

तेव्हा ‘दृष्टी कमी झाली’ या एका तक्रारीमागे अनेक कारणे असतात. मापाचा दोष, वयाचा कडकपणा, भिंगाचा गढूळपणा, नसेची हानी, आहारातील उणीव आणि मेंदूची अपुरी सवय यांवर एकच उपाय लागू पडणे शक्य नाही. नैसर्गिक उपायांविषयीचा बराचसा गोंधळ हा भेद न केल्यामुळे होतो.

परंपरेने काय सांगितले

दृष्टी परत मिळाल्याच्या कथा वेदकाळापासून आहेत. ऋग्वेदात आंधळ्या ऋज्राश्वाला डोळे देणारे देव अश्विनीकुमार आहेत आणि ते देवांचे वैद्य आहेत. महाभारताच्या आदिपर्वातला उपमन्यू भुकेपोटी रुईची पाने खातो, आंधळा होतो आणि विहिरीत पडतो. गुरू त्याला याच देववैद्यांची स्तुती करायला सांगतात आणि त्याची दृष्टी परत येते. या कथेतली रुई मराठवाड्यातल्या बांधाबांधांवर उगवते आणि शनिवारी मारुतीला तिच्याच पानांची माळ घालतात. तिचा चीक डोळ्यात गेला की पारपटलाला इजा होऊन दिसणे अंधुक होते, हे आजच्या नेत्रवैद्यांना चांगले ठाऊक आहे. माळ ओवणाऱ्याने हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये. दृष्टी परत करण्याचे काम परंपरेने वैद्यरूप देवांकडे सोपवले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. प्रार्थना आणि उपचार या परंपरेत मुळापासून सोबत आहेत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, व्रत, उपवास हे दैवव्यपाश्रय. आहार आणि औषध यांची विचारपूर्वक योजना ती युक्तिव्यपाश्रय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हा सत्त्वावजय. तिन्ही प्रकारांना जागा आहे, पण एकाची जागा दुसऱ्याला दिलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग मोजले आहेत आणि मोतीबिंदूसारख्या लिंगनाशावर शलाकेने करायची शस्त्रक्रिया वर्णिली आहे. म्हणजे डोळ्याला शस्त्र लावणे परकीय किंवा अधार्मिक आहे, असे या परंपरेच्या नावाने म्हणता येत नाही.

याच ग्रंथांनी रोगांची साध्य, याप्य आणि असाध्य अशी विभागणी केली. साध्य रोग बरा होतो. याप्य रोग मुळातून जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो. पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा घर सावरून धरतो, तशी याप्य रोगातली चिकित्सा असते, असे सुश्रुताने समजावले आहे. चष्म्याचे स्थान ओळखायला हा विचार फार उपयोगी आहे. चष्मा डोळ्याचे माप बदलत नाही. तो आहे तोवर दोष सावरला जातो. ज्या वैद्यकपरंपरेने टेकूला सन्मानाची जागा दिली, तिच्या नावाने चष्म्याला कमीपणा देण्याचे काही कारण नाही.

योगपरंपरेत सर्वांत जास्त नाव त्राटकाचे घेतले जाते. हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात धौती, बस्ती, नेती, नौली आणि कपालभाती यांच्याबरोबर ते षट्कर्मांत येते. एखाद्या सूक्ष्म लक्ष्याकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत निश्चल नजरेने पाहायचे, असा त्याचा विधी आहे आणि डोळ्यांचे रोग जातात असे फलही सांगितले आहे. त्राटकाने मन एकाग्र होते, हा साधकांचा जुना अनुभव आहे. मात्र त्याने डोळ्याची लांबी कमी होते किंवा कडक झालेले भिंग पुन्हा लवचिक होते, याचा पुरावा नाही. सूर्याकडे पाहून केलेले त्राटक तर घातक आहे. भिंग सूर्यकिरण दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर एकवटते आणि तेथे झालेली इजा कायमची ठरू शकते. सूर्योपासना सूर्याकडे टक लावल्याशिवायही पूर्ण होते.

परंपरेतले दावे तपासणे म्हणजे तिचा अनादर नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रियांचा देहावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यासाठीच. साधनेवर खरे प्रेम असलेल्या माणसाने तिची परीक्षा घेतली, हे या महाराष्ट्रातच घडलेले आहे.

चष्मा फेकण्याची चळवळ

आज ‘चष्मा घालवा’ म्हणून जे व्यायाम शिकवले जातात, त्यांतले पुष्कळसे हठयोगातून आलेले नाहीत. अमेरिकेतील नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्याविना परिपूर्ण दृष्टीचे आश्वासन देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. डोळ्याभोवतीचे स्नायू ताणले गेल्यामुळे डोळ्याचा आकार बदलतो आणि ताण गेला की नंबर जातो, असे त्यांचे म्हणणे होते. मिटलेल्या डोळ्यांवर तळहात ठेवणे, उन्हात डोळे शेकणे, मान हलवत नजर फिरवणे हे त्यांचे उपाय. १९४२ साली लेखक ऑल्डस हक्स्ले यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. भारतात डॉ. आर. एस. अगरवाल यांनी ती उचलली आणि पुढे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमातील नेत्रविद्यालयामुळे तिला अध्यात्माची संगत मिळाली. अशा रीतीने एका अमेरिकी वैद्याची उपपत्ती भारतीय साधनेचा भाग वाटू लागली.

या उपपत्तीचा पाया मात्र तिच्या जन्माआधीच ढासळला होता. शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०१ साली स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग केले. डोळा पाण्याखाली ठेवून त्यांनी पारपटलाची शक्ती निष्प्रभ केली. डोळा लांबणार नाही अशा रीतीने तो पकडून धरला. तरीही जवळ आणि दूर पाहण्यासाठी डोळा जुळवून घेण्याची क्षमता टिकली. म्हणजे ते काम आतल्या भिंगाचे होते. बाहेरच्या स्नायूंना विश्रांती देऊन ना भिंग मऊ होते, ना डोळा आखूड होतो.

निसर्गोपचाराचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता या बाबतीत काय करत होता, हे पाहण्यासारखे आहे. महात्मा गांधींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि रामनाम हा सर्व रोगांवरचा श्रेष्ठ उपाय मानला. पण चष्मा त्यांनी सोडला नाही. तो त्यांच्या चेहऱ्याची ओळखच झाला. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. रामनामावरची त्यांची श्रद्धा या दोन्ही गोष्टींनी उणी झाली नाही. देहाला आधार लागतो हे मान्य करणे आणि ईश्वराचा आधार मानणे, या दोन गोष्टी एकाच माणसात विनासायास नांदू शकतात.

निसर्ग खरोखर काय करतो

याचा अर्थ नैसर्गिक उपाय निरर्थक आहेत असा नाही. जेथे त्यांची जागा आहे, तेथे ते अतिशय प्रभावी आहेत.

पहिली जागा आहाराची. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो आणि लहान मुलांत उणीव वाढत गेली तर पारपटल विरघळून कायमचे अंधत्व येते. शेवग्याचा पाला, पालक, चवळई, गाजर, पपई, पिकलेला आंबा, दूध, अंडी आणि कलेजी यांतून ही उणीव भरून निघते. वेळीच ओळखलेला रातांधळेपणा योग्य मात्रा मिळताच झपाट्याने ओसरतो. भारत सरकारने १९७० साली यासाठी कार्यक्रम सुरू केला. बाळाला नवव्या महिन्यात १ लाख आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट ‘अ’ जीवनसत्त्व तोंडाने दिले जाते. मात्र उणीव नसताना गाजर कितीही खाल्ले, तरी त्याने नंबर उतरत नाही.

दुसरी जागा उजेडाची. मुलांचा डोळा वाढत्या वयात लांबू नये यासाठी मोकळ्यावर घालवलेला वेळ उपयोगी पडतो. चीनमधील ग्वांगझू येथे १२ प्राथमिक शाळांत तीन वर्षे एक चाचणी झाली. निम्म्या शाळांत सहा वर्षांच्या मुलांना शाळेच्या दर दिवशी ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना उणे नंबर आला, तर इतर शाळांत तो ३९.५ टक्के मुलांना आला. दिवसाच्या उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ज्या मुलांचे सुटीचे दिवस शेतात आणि ओढ्याकाठी जातात, त्यांना हे संरक्षण फुकट मिळते. मोबाइल घेऊन घरात बसलेले मूल ते गमावते. मात्र हा उपाय नंबर येण्याआधीचा आहे. लांबलेला डोळा उजेडाने पुन्हा आखूड होत नाही.

तिसरी जागा शिक्षणाची, म्हणजे मेंदूच्या शिक्षणाची. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. हा आळशी डोळा. योग्य चष्मा देऊन चांगला डोळा रोज काही तास झाकला की मेंदू आळशी डोळ्याचा उपयोग करायला शिकतो आणि दृष्टी खरोखर सुधारते. हे सात-आठ वर्षांच्या आत केले तर उत्तम साधते. पुढे ते अवघड होत जाते. जवळचे पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील, तर तेथेही नियमित व्यायामाचा सिद्ध उपयोग आहे.

चौथी जागा विश्रांतीची. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि अक्षर पुसट होते. अधूनमधून दूर पाहणे आणि पापण्या लववणे यांनी हा त्रास जातो. फार वेळ जवळचे काम करून भिंगाचा स्नायू आवळून राहिला, तर खोटा उणे नंबर दिसतो आणि तोही विश्रांतीने उतरतो. व्यायामाने चष्मा सुटल्याच्या काही खऱ्या कथांचे मूळ येथे असते.

सुधारणेचा आभास

उरलेल्या कथांचे काय? सांगणारे लोक बहुधा प्रामाणिक असतात. त्यांच्या अनुभवामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. चष्मा काढून काही आठवडे राहिले की मेंदूला अंधुक प्रतिमेची सवय होते आणि माणूस तक्त्यावरची एखादी ओळ जास्त वाचतो. नंबर मोजला तर तो तेवढाच भरतो. डोळे बारीक केले की फट अरुंद होऊन प्रतिमा थोडी स्पष्ट होते. मधुमेह्याच्या रक्तातील साखर वरखाली झाली की नंबरही तात्पुरता बदलतो.

यांतली एक गोष्ट विशेष सावध करणारी आहे. सत्तरीच्या आजोबांना अचानक चाळिशीशिवाय पोथी वाचता येऊ लागते. घरात आनंद होतो आणि वर्षानुवर्षांच्या पाठाचे फळ मिळाले असे वाटते. पुष्कळदा ही मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची शक्ती वाढते. म्हणून जवळचे दिसू लागते आणि त्याच वेळी दूरचे बिघडते. काही काळाने दोन्ही अंधुक होतात. कृपा म्हणून स्वीकारलेली ही सूचना नेत्रवैद्याकडे नेली, तर पुढची धावपळ टळते.

पाहणारा कोण

येथे वैद्यकाचा भाग संपतो आणि तत्त्वज्ञानाचा सुरू होतो. भारतीय दर्शनांनी डोळ्याचा गोळा आणि पाहण्याचे सामर्थ्य यांत पूर्वीच भेद केला. गोळा तो गोलक आणि त्याच्या आश्रयाने काम करते ते चक्षुरिंद्रिय. हे इंद्रिय वस्तूपर्यंत पोचते का या प्रश्नाच्या ओघात, काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आड असलेल्या वस्तूही दिसतात, याची चर्चा न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सांख्यांच्या मते इंद्रिये, मन आणि बुद्धी हा सगळा प्रकृतीचा पसारा आहे आणि पुरुष केवळ साक्षी आहे. या विचाराने पाहिले तर डोळा नियमाने वाढतो, नियमाने कडक होतो आणि नियमाने थकतो. चाळिशीला भिंग कडक होणे ही निसर्गातली बिघाडाची गोष्ट नाही. तोच निसर्ग आहे. निसर्गाकडे परत गेल्याने ती टळेल ही अपेक्षाच म्हणून चुकीची ठरते.

दृग्दृश्यविवेक हा वेदान्ताचा छोटा ग्रंथ याहून पुढे जातो. रूप दिसते आणि डोळा ते पाहतो. डोळाही जाणला जातो आणि मन त्याला जाणते. मनही जाणले जाते आणि साक्षी त्याला जाणतो. आंधळेपणा, मंदपणा आणि तीक्ष्णपणा हे डोळ्याचे धर्म आहेत आणि मन ते तिन्ही सारखेच जाणते, असे हा ग्रंथ सांगतो. मला अंधुक दिसते हे ज्याला कळते, तो स्वतः अंधुक झालेला नसतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला हेच सांगतात की द्रष्ट्याची दृष्टी कधी लोपत नाही. ज्ञानदेवांनी चांगदेवपासष्टीत आणि अमृतानुभवात द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी तपासली आणि पाहणे शेवटी एकच उरते असा सिद्धान्त मांडला. या पाहण्याला नंबर लागत नाही आणि चष्म्याने ते वाढतही नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. पतंजलीच्या योगसूत्रांत तपाने अशुद्धी नाहीशी होऊन देहाची आणि इंद्रियांची सिद्धी होते, असे स्पष्ट म्हटले आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही योग्याला समुद्रापलीकडचे दिसू लागते. मग साधनेने डोळा सुधारतो, हे शास्त्राने मान्य केले असे का म्हणू नये? उत्तर त्याच शास्त्रात आहे. तिसऱ्या पादात पतंजली अशा सिद्धींना समाधीतील अडथळे म्हणतात. ज्याला त्या हव्याशा वाटतात, त्याच्या साधनेची दिशा चुकते. अर्जुनाला मिळालेले दिव्यचक्षू विश्वरूप पाहण्यापुरते होते. रणांगण पाहण्यासाठी व्यासांनी देऊ केलेली दृष्टी धृतराष्ट्राने नाकारली, कारण आप्तांचा संहार त्याला पाहवणार नव्हता. या सर्व ठिकाणी प्रश्न काय पाहायचे आणि कोणत्या वृत्तीने पाहायचे, हा आहे. अक्षरे स्पष्ट दिसण्याचा प्रश्न तेथे नाहीच.

या भेदाचे जिवंत उदाहरण विदर्भात झाले. संत गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१ साली अमरावती जिल्ह्यात झाला. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांत चुकीचे औषध पडल्याने दृष्टी गेली, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. ती परत आली नाही. त्यांनी ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेतले, ज्ञानेश्वरांना गुरू मानले, मधुराद्वैत मांडले आणि १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुण्यात देह ठेवण्यापूर्वी शंभराहून अधिक ग्रंथ सांगितले. महाराष्ट्र त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो. साधनेची कसोटी जर डोळे बरे होण्यात असती, तर या पुरुषाची साधना अपुरी म्हणावी लागली असती. तसे कोणी म्हणत नाही आणि ते योग्यच आहे.

प्रारब्ध, प्रयत्न आणि मध्यम अक्षर

काही भाविक उलट टोकाला जातात. दृष्टी जाणे हे प्रारब्ध आहे, ते भोगूनच संपवावे आणि उपचार करू नये, असे ते मानतात. जांबच्या समर्थांची शिकवण याला अनुकूल नाही. दासबोधात त्यांनी प्रयत्नाला देवाच्या जागी नेऊन बसवले. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनाविषयीचा समास आहे. तेथे त्यांनी एक साधी, पण फार शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे: तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते कामाला येत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे असावे. वयाबरोबर डोळा मंदावणार हे समर्थांनी गृहीत धरले. त्यावर त्यांनी मंत्र सांगितला नाही, दोषही दिला नाही. त्यांनी अक्षराचा आकार बदलायला सांगितले, म्हणजे पोथी आणि वाचक यांच्यातले साधन दुरुस्त केले. चाळिशीचे भिंग हेच काम करते. चाळिशी लावून दासबोध वाचणारा माणूस समर्थांच्या याच सल्ल्यावर चालतो.

प्रयत्नाची ही शिकवण केदारखेड्यासारख्या गावात नेमकी कोठे लागते, तेही सांगितले पाहिजे. कापूस वेचताना किंवा मक्याच्या शेतात काम करताना पात्याचा फटका डोळ्याला बसतो. लहानशा ओरखड्यात बुरशी शिरते आणि पारपटलावर जखम होते. अशा वेळी डोळ्यात दूध, मध, पाल्याचा रस किंवा कोणाच्या घरातले उरलेले थेंब घालून वाट पाहिली, तर फूल पडते आणि मग बुबुळ बदलण्यावाचून उपाय उरत नाही. काचबिंदूत आणि मुलाच्या आळशी डोळ्यातही उशीर महाग पडतो. नवस बोलायला हरकत नाही. चरकाच्या विभागणीत त्याला जागा आहे आणि संकटात मनाला त्याचा आधार मिळतो. मात्र तपासणी नवस फळण्याची वाट पाहत थांबू नये. शाळेच्या तपासणीत मुलाला फळ्यावरचे दिसत नाही असे आढळले, तर त्याला चष्मा द्यावा. चष्म्याने डोळा आळशी होतो ही समजूत चुकीची आहे. गरज असून चष्मा न दिल्यानेच लहान मुलाचा डोळा आळशी होण्याचा धोका असतो. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल म्हणून तो टाळणे हा तर तिच्या शिक्षणावरचा अन्याय आहे.

सारांश असा. आहाराची उणीव, डोळ्यांचा थकवा, कोरडेपणा, खोटा नंबर आणि बालपणीचा आळशी डोळा यांत शस्त्रक्रियेविना दृष्टी सुधारते, फक्त आळशी डोळ्याला बहुधा चष्म्याचीही जोड लागते. मोकळ्या उजेडाने मुलांचा उणे नंबर काही प्रमाणात टळतो. डोळ्याची लांबी, पारपटलाचा बाक, चाळिशी, मोतीबिंदू आणि काचबिंदू हे व्यायामाने, त्राटकाने किंवा पाठाने बदलत नाहीत. साधनेचे फळ दुसरे आहे. चित्त स्थिर होते, भीती कमी होते आणि डोळा हे आपले साधन आहे, आपण डोळा नव्हे, हे कळू लागते. हे कळलेल्या माणसाला चष्मा लावण्यात संकोच वाटत नाही आणि दृष्टी गेलीच तर आपले सर्वस्व गेले असेही तो मानत नाही. डोळ्याला देहधर्माप्रमाणे वागवावे आणि साधना ईश्वरासाठी करावी. या दोन कर्तव्यांत विरोध नाही, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून मागितले की दोन्ही बिघडतात.